बिदरीची सुरई आणि खिशातली मोटार

उदगीरच्या पलीकडे बिदर. तिथली ती काळीभोर सुरई, अंगावर चांदीची वेलबुट्टी, नांदेड-लातूरच्या कितीतरी घरांत शोकेसमध्ये मानाने बसलेली असते. आता तिच्या शेजारी पोराची 'हॉट व्हील्स' मोटार ठेवा. दोघींचा धातू एकच, जस्त! बिदरीत साधारण सोळा भाग जस्ताला एक भाग तांबं. मोटारीच्या अंगाला वापरतात त्या 'झमॅक' मिश्रधातूत शंभरातले सुमारे 96 भाग जस्त आणि 4 भाग ॲल्युमिनियम. बहामनी काळापासून आपल्या शेजारी ज्या धातूचं ओतकाम चाललं आहे, त्याच धातूवर विसाव्या शतकात खेळण्यांच्या कंपन्या उभ्या राहिल्या.

जस्तच का? कारण ते लवकर वितळतं. ॲल्युमिनियमला 660 अंश सेल्सिअस लागतात, झमॅक 400 च्या आतच पाणी होतं. कमी उष्णता म्हणजे पोलादी साच्याला, म्हणजेच 'डाय'ला, कमी त्रास. बिदरीचा वाळूचा साचा एका नगात मोडतो. डायमध्ये मात्र वितळलेला धातू जोराच्या दाबाने घुसवतात, तो क्षणात थिजतो आणि त्याच डायमधून लाखो गाड्या निघतात. 'डाय-कास्ट' म्हणतात ते हेच. पुढे वाटा वेगळ्या होतात. मोटारीला चकचकीत रंग मिळतो. बिदरीला मिळते बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर. त्याने जस्त काळं पडतं, चांदी तशीच लखलखत राहते. माझं मत विचाराल तर बिदरीचा काळा रंग जास्त देखणा.

मोटारीच्या धातूला शुद्धतेचा नियम कडक. झमॅकमध्ये शिसं जरासं जास्त मिसळलं की काही वर्षांनी खेळणं फुगतं, तडकतं, शेवटी त्याचा भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या कितीतरी 'डिंकी' गाड्या अशाच गेल्या. डिंकी हे लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीचं अपत्य. खेळण्यातल्या रेल्वेशेजारी उभ्या करायला छोट्या मोटारी हव्या होत्या, म्हणून त्या 1933 मध्ये निघाल्या. डिंकी हे नाव पुढच्या वर्षी मिळालं. 1979 मध्ये त्या कारखान्याला कायमचं कुलूप लागलं.

शाळेच्या नियमातून निघालेली कंपनी

लंडनच्या लेझनी कंपनीची सुरुवात 1947 मध्ये एका बंद पडलेल्या दारूच्या गुत्त्यात झाली. तिथल्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत नियम होता: काडेपेटीत मावेल तेवढंच खेळणं आणायचं. बापाने रोड रोलर इतका लहान केला की तो काडेपेटीत बसला. 1953 मध्ये 'मॅचबॉक्स' बाजारात आलं. त्याच वर्षी राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या बग्गीचं छोटं मॉडेल या कंपनीने दहा लाखांवर विकलं.

मग 1968 मध्ये अमेरिकेच्या मॅटेलने सोळा गाड्यांसह 'हॉट व्हील्स' आणलं. त्यांच्या चाकांमागचं डोकं जॅक रायन यांचं. हे गृहस्थ आधी क्षेपणास्त्रं बनवणाऱ्या कंपनीत अभियंता होते! बारीक तारेचा आस आणि प्लॅस्टिकची हलकी चाकं यांमुळे गाडी सुसाट पळायला लागली. मॅचबॉक्सला धावपळ करून आपली चाकं बदलावी लागली. शेवटी 1997 मध्ये मॅचबॉक्स मॅटेलच्याच पदरात पडलं.

डाय परदेश फिरते

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडणारा भाग हा. डाय बनवायला अफाट खर्च येतो. म्हणून एका देशात गाडीची मागणी ओसरली की तीच डाय दुसऱ्या देशात जाते. डिंकीच्या काही डाय कलकत्त्याला आल्या आणि त्यांतून 'निकी टॉइज' निघाल्या. त्या काळी परदेशी खेळणी आयात करणं फार अवघड होतं, इथे बनवणं हाच रस्ता होता.

महाराष्ट्राचा वाटा 'लिओ'चा. व्हीआयपी सुटकेसवाल्यांची मुंबईची ब्लो प्लास्ट कंपनी 'लिओ' नावाने खेळणी विकायची. 1980 च्या दशकात तिने मॅटेलशी हात मिळवला आणि 'लिओ मॅटेल'च्या हॉट व्हील्स इथे बनू लागल्या, साडीतली बार्बीसुद्धा. गाड्यांचे साचे जुने, पण रंग असे की जगात दुसरीकडे निघालेच नाहीत. म्हणून आज परदेशातले संग्राहक त्या शोधत असतात.

आता थोडा लातूरचा हिशेब. इथल्या मराठवाडा रेल्वे कोच कारखान्यातून पहिला सांगाडा 2020 च्या डिसेंबरमध्ये बाहेर पडला. हॉट व्हील्सचं नेहमीचं प्रमाण 1:64. रेल्वेचा साडेतेवीस मीटरचा डबा त्या मापात 37 सेंटिमीटरचा होईल, शाळेच्या मोठ्या पट्टीहूनही लांब. बार्शी लाइट रेल्वेची, 1911 मध्ये लातूरला पोहोचलेली अडीच फुटी नॅरोगेज गाडी मात्र त्याच मापात फार गोंडस दिसेल. कुणी तरी ती बनवायलाच हवी.

तोवर एक काम करा. माळ्यावर, जुन्या पेटीत धातूची मोटार सापडली तर ती उलटी करून तळ वाचा. लिओचं नाव दिसलं तर तिला नवा रंग देऊ नका, घासूपुसू नका आणि भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. जुन्या गाडीला किंमत असते ती मूळ रंगालाच.