आधी कानाने वाचा

कविता कळत नाही, असं सांगणाऱ्या पुष्कळ जणांनी ती कधी मोठ्याने वाचलेलीच नसते. शाळेत कविता समोर आली ती भावार्थ लिहायला. पाच मार्कांचं रसग्रहण झालं, परीक्षा संपली आणि कविता वहीतच राहिली. त्यामुळे पुढे चाळिशीत कोणी कवितेचं पुस्तक हातात घेतलं, तरी पहिला प्रश्न मनात तोच येतो: याचा अर्थ काय? सुरुवात या प्रश्नापासून केली की माणूस दोन पानांत दमतो. अर्थाला थोडं थांबू द्यावं आणि आधी कानाला कामाला लावावं, असं माझं नवीन वाचकाला कळकळीचं सांगणं आहे.

रत्नागिरीकरांना त्यासाठी लांब जायला नको. गणपतीपुळ्याला दर्शनाला जाणाऱ्या गाड्या जिथून मागे वळतात, तिथून जेमतेम दोन किलोमीटर पुढे मालगुंड आहे. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, 1866 साली या गावात जन्मले. कोकण मराठी साहित्य परिषदेने तिथे त्यांचं स्मारक उभारलं आणि 1994 मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते ते खुलं झालं. केशवसुत पोटासाठी मास्तरकी करत गावोगाव फिरले आणि 1905 साली हुबळीला प्लेगने गेले. आपल्या कवितांचं पुस्तक त्यांना पाहायला मिळालं नाही. ते हरि नारायण आपट्यांनी 1917 मध्ये काढलं. संग्रह लहान आहे, सव्वाशेच्या थोड्याच वर कविता. नवशिक्याला पुरा वाचून होईल असा.

त्यातली ‘आम्ही कोण?’ ही कविता उघडा. चौदा ओळींचं सुनीत आहे. वाचायचं कसं, तर मंगलाष्टकाच्या चालीवर. हे सहज सुचलेलं नाही. मंगलाष्टकं बहुतेक ज्या वृत्तात असतात त्या शार्दूलविक्रीडितातच ही कविता लिहिलेली आहे. लग्नाच्या मांडवात हातात अक्षता धरून उभं राहिलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या कानात हे वृत्त बसलेलं असतं, फक्त त्याचं नाव त्याला ठाऊक नसतं.

वृत्त चालतं कसं, ते एकदा नीट बघून घेऊ. ह्रस्व अक्षर लघु, त्याची एक मात्रा. दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या दोन. ‘गणपती’ म्हणा: तीन लघु आणि एक गुरू, पाच मात्रा. आता ‘रत्नागिरी’ म्हणा. पहिला ‘र’ दिसायला लघु आहे, पण पुढच्या ‘त्ना’चा आघात त्याच्यावर येतो आणि तो गुरू होतो. म्हणून गुरू, गुरू, लघु, गुरू, सात मात्रा. ‘मालगुंड’मधला ‘गुं’ अनुस्वारामुळे गुरू. एवढे तीन नियम आले की बहुतेक कवितांचं माप घेता येतं. शार्दूलविक्रीडितात एका ओळीत एकोणीस अक्षरं असतात, लघु-गुरूंचा क्रम ठरलेला असतो आणि बाराव्या अक्षरावर थांबा असतो. त्याला यती म्हणतात. मंगलाष्टक म्हणणारे गुरुजी जिथे सूर लांबवून क्षणभर टेकतात, ती ही जागा.

आता केशवसुतांनी या थांब्याचं काय केलं ते पाहा. कवितेच्या पहिल्याच ओळीत एक प्रश्न आहे आणि तो बरोबर बाराव्या अक्षराला संपतो. प्रश्नचिन्ह यतीवर येतं. उरलेल्या सात अक्षरांत उत्तर सुरू होतं, पण ते तिथे पुरं होत नाही. ओळ संपली तरी वाक्य चालूच राहतं आणि दुसऱ्या ओळीत उतरतं. मंगलाष्टकाची चाल तुम्हाला ओळीच्या टोकाशी थांबवते, वाक्य मात्र पुढे ओढतं. म्हणून एकदा चालीवर म्हणून झाल्यावर चाल सोडा आणि विरामचिन्हं पाळत, समोरच्या माणसाशी बोलावं तशी तीच कविता म्हणा. जुनं वृत्त आणि नव्या माणसाचं बोलणं यांची ती ओढाताण ऐकू आली, की केशवसुतांना आधुनिक मराठी कवितेचे जनक का म्हणतात हे व्याख्येवाचून समजतं. शेवटच्या दोन ओळी एकाच शब्दांनी सुरू होतात. तिथे आवाज आपोआप चढतो. तो चढू द्या.

मग विचारा: इथे बोलतंय कोण? ‘आम्ही’ म्हणजे एकटा कवी की सगळी कविजात? इतका ताठा कशासाठी? उत्तर पहिल्याच दिवशी मिळायला हवं असं नाही. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने 1925 च्या ‘झेंडूची फुलें’मध्ये याच कवितेचं विडंबन केलं, तेही याच वृत्तात. दोन्ही लागोपाठ वाचा. मूळ कविता कानात मुरलेली असेल तरच विडंबनाची गंमत येते, त्यामुळे आपली तयारीही त्यात कळते.

‘तुतारी’चं माप वेगळं. तिथे अक्षरं मोजायची नाहीत, मात्रा मोजायच्या. पहिल्या कडव्यातली प्रत्येक ओळ सोळा मात्रांची आहे, आठावर तिचे दोन सारखे तुकडे पडतात, आणि टाळी धरली की पाय आपसूक हलतो. जाखडीच्या फेरात घुंगरांच्या ठेक्यावर वाढलेल्या पोराला हे शिकवावं लागत नाही. केशवसुतांच्या कवितांखाली स्थळ आणि तारीख छापलेली असते, तिच्याकडेही लक्ष असू द्या. ही कविता 1893 सालची. त्या काळच्या रूढी आणि जातिभेद डोळ्यांपुढे आणले की तुतारी कोणाला जागं करण्यासाठी हवी आहे ते उलगडतं.

माझी सगळ्यात आवडती मात्र ‘सतारीचे बोल’. मनाने खचलेला एक माणूस रात्री बाहेर हिंडतोय आणि त्याच्या कानावर सतार येते. सतारीच्या तारांचा आवाज कडव्याच्या शेवटी पुन्हा पुन्हा येतो. आवाज तोच, अक्षरं तीच. सुरुवातीला त्या माणसाला त्याचा रागच येतो, पुढे हळूहळू तोच आवाज त्याला शांत करत नेतो. पेन्सिल घेऊन बसा आणि तो पालट नेमका कोणत्या कडव्यात सुरू होतो तिथे बारीक खूण करा. घरात दुसऱ्या कोणाला वाचायला दिली तर त्याची खूण वेगळ्या जागी पडेल. त्यावर वाद घाला. रसग्रहण म्हणतात ते हेच.

शब्द अडले तर? दोन-तीन अडले तरी पहिल्या वाचनात थांबू नये, दुसऱ्या वाचनाला कोश काढावा. रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय 1828 पासूनचं आहे. तिथल्या कवितेच्या कपाटापाशी तासभर उभं राहून पुस्तकं चाळावीत आणि जिच्यावर डोळा थबकेल ती कविता घरी न्यावी. एका आठवड्याला एक कविता पुरे. रोज म्हटली की ती न ठरवता पाठ होते, आणि पाठ झालेली कविता एसटीच्या खिडकीशी बसल्यावर स्वतःहून अर्थ सांगू लागते.

पुढची पायरी आरती प्रभू. चिं. त्र्यं. खानोलकरांचं हे कवितेतलं नाव. त्यांचा जन्म 1930 चा, वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईतला. सिंधुदुर्ग 1981 साली वेगळा होईपर्यंत तो मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता. ‘ये रे घना’ तुम्ही हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत ऐकलेलं असतं. आता ते कागदावर, चालीविना वाचा. गाण्यात वेग संगीतकाराने ठरवलेला असतो, कागदावर तो तुम्हाला ठरवावा लागतो. कुठे रेंगाळायचं, कुठला शब्द हळू उच्चारायचा हे ठरवता ठरवता, गाण्यात निसटलेले शब्द हाती लागतात. आरती प्रभूंची कविता सगळी उकलत नाही. तिच्यातला अंधार आणि ओल अंगावर आली तरी वाचन वाया गेलं असं समजू नका.

मुक्तछंदाला बिचकणाऱ्यांनी विंदा करंदीकरांकडे जावं. ते 1918 सालचे, देवगड तालुक्यातल्या धालवलीचे. वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांच्याबरोबर त्यांनी गावोगाव कविता म्हणून दाखवल्या. विंदांची कविता वाचताना श्वास कुठे घ्यायचा ते ओळीच सांगतात. त्यांनी ‘मुक्तसुनीत’ हा प्रकारही हाताळला. त्यातलं एखादं घेऊन केशवसुतांच्या सुनीताशेजारी ठेवा, दोन्ही मोठ्याने म्हणा आणि ताडून बघा: वृत्त सुटल्यावर सुनीतातलं काय गेलं आणि काय तसंच टिकून राहिलं.