सुरतेची तनछोई

सुरत म्हटलं की आपल्याकडे आधी १६६४ आणि १६७० ही दोन सालं आठवतात. महाराजांनी तिथून काय काय आणलं, ते मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवते आहे. मी स्वतः मात्र आणण्याजोगी एकच वस्तू होती, ती तिथंच ठेवून आले.

गोष्ट २०११ सालची. मामेबहिणीच्या मुलाच्या मुंजीला निघाले, तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अत्तींनी, पाच हजार रुपये हातावर ठेवले. "वंदऽ तगो, आद्र छलो तगो," एवढंच म्हणाल्या. त्या स्वतः जन्मभर इरकल नेसल्या. पण कुणाचीही साडी हाती आली की आधी पदर उलटा करून बघायच्या.

मुंज झाल्यावर रिंगरोडच्या कापडबाजारात गेलो. तिथं साडी एकेक दाखवत नाहीत, थप्प्याच पुढ्यात येतात. दीड हजारात सहा छापील साड्या घेतल्या. आहेराची सोय झाली म्हणून मी खुशीत!

दुसऱ्या दिवशी ताईने जुन्या शहरात एका वृद्ध गृहस्थांकडे नेलं. त्यांचा पिढीजात धंदा जरीचा. आपल्या पैठणीपासून कांजीवरमपर्यंत सुरतेची जर जाते. खरी जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली चांदीची तार आणि तिला सोन्याचं पाणी. आता बहुतेक ठिकाणी तांब्याची, नाहीतर सरळ प्लास्टिकचीच. हे सांगता सांगता त्यांनी कपाटातून मलमलीत गुंडाळलेली साडी काढली. जांभळी, अंगभर बारीक पक्षी आणि वेली. सुरतेत विणलेली तनछोई!

सर जमशेटजी जीजीभॉय यांनी एकोणिसाव्या शतकात सुरतेचे तीन पारशी विणकर चीनला धाडले, तिथं छोई नावाच्या उस्तादाकडे ते ही कला शिकले, म्हणून 'तन' म्हणजे तीन आणि 'छोई', अशी कथा सांगतात. पुढं हे काम बनारसने उचललं आणि सुरतेतलं थांबलं. तनछोईची गंमत अशी की नक्षीचे धागे मागे लोंबत नाहीत, विणीतच बसवलेले असतात. मी पदर उलटा केला. अत्तींचीच सवय!

"जरीच्या जुन्या साड्या लोक चांदीसाठी जाळतात. हिच्यात चांदी नाही, म्हणून वाचली," ते गृहस्थ म्हणाले. किंमत सात हजार. "वरचे मी घालते," ताई म्हणाली.

मी नको म्हटलं. घराचे हप्ते, लेकीची फी, ही कारणं होतीच, पण खरं कारण वेगळं होतं. साडी नेसलेली होती. आईची, सासूची जुनी साडी आपण हौसेने नेसतो. परक्या बाईची, तीही पैसे मोजून? मन घेईना.

घरी अत्तींनी त्या सहा साड्यांचे पदर उलटून पाहिले. "ब्यारे येनू सिगलिल्लेन?" मग मी सगळं सांगितलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग मराठीत म्हणाल्या (रागावल्या की त्या मराठीत बोलत), "परक्या बाईची म्हणून? आणि विणणारा कोण तुझा सोयरा होता?"

त्यांनीच ताईला फोन लावायला लावला. आठ दिवसांत साडी गेली होती. कुणी नेली, ते कळलं नाही.

पुढं मी बनारसची तनछोई घेतली. चांगली आहे. अत्तींनी पदर उलटला, "छलो अद," म्हणाल्या, घडी घालून परत दिली आणि विचारलं, "त्या सुरतच्या साडीचे पक्षी कुठल्या रंगाचे होते गं?" मला नीट सांगता आलं नाही. २०१८ मध्ये त्या गेल्या. तोवर हा प्रश्न त्यांनी आणखी दोन-तीनदा तरी विचारला असेल.

त्या सहांपैकी पाच साड्या आहेरात गेल्या. सहावी अजून माझ्या कपाटात आहे. इतक्या वर्षांत तिचा रंग जरासुद्धा उतरलेला नाही.