स्पॅनिशच्या पायऱ्या आणि मराठीचा आधार

बंगळुरू : ‘मला कॉफी आवडते’ या वाक्यातील कर्ता कोणता, हा प्रश्न शालेय व्याकरणाच्या तासाला अनेकांना पडलेला असतो. हेच वाक्य स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल काफे’ असे होते. ‘मे’ म्हणजे ‘मला’, ‘एल काफे’ म्हणजे ‘कॉफी’, आणि ‘गुस्ता’ हे क्रियापद मराठीप्रमाणेच कॉफीनुसार चालते. आवडणारी वस्तू अनेकवचनी झाली, की ‘आवडते’चे ‘आवडतात’ होते, तसे ‘गुस्ता’चे ‘गुस्तान’ होते. बंगळुरूतील वर्गात ही रचना बहुधा इंग्रजीतून समजावली जाते आणि इंग्रजीला ती परकी असल्याने तिच्यावर बराच वेळ जातो. वर्गात बसलेल्या मराठी भाषक विद्यार्थ्याला मात्र ती जन्मापासून येत असते. अडचण एवढीच, की आपल्याला ती येते हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

माहिती तंत्रज्ञान आणि सेवाक्षेत्राच्या या शहरात अभियांत्रिकी, वाणिज्य व कला शाखांचे विद्यार्थी पदवीबरोबर एखादी परदेशी भाषा जोडून घेतात. अनेकांसाठी त्यावर पहिली नोकरी अवलंबून असते. परंतु यांतील बरेच जण पहिल्या एक-दोन पायऱ्यांवरच थांबतात. ते का थांबतात आणि पुढे जाण्यास काय उपयोगी पडते, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

स्पॅनिश का?

स्पॅनिश ही स्पेनसह वीस देशांची अधिकृत भाषा असून संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावर शिकवता येतील अशा परदेशी भाषांमध्ये तिचा उल्लेख केला आहे. स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतभेटीवर आले, त्या वेळी बंगळुरूत वाणिज्य दूतावास उघडण्याच्या स्पेनच्या निर्णयाचे स्वागत करण्यात आले आणि २०२६ हे वर्ष दोन्ही देशांत संस्कृती, पर्यटन व कृत्रिम बुद्धिमत्ता यांचे वर्ष म्हणून साजरे करण्याचे ठरले.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र कारण अधिक जवळचे असते. बंगळुरूतील कंपन्या स्पेन व लॅटिन अमेरिकेतील ग्राहकांचे हिशेब, देयके, तक्रारनिवारण आणि मजकूर तपासणी अशी कामे करतात. या कामांना भाषा जाणणारी माणसे लागतात. बंगळुरू सिटी विद्यापीठाचे जागतिक भाषा केंद्र, तसेच काही महाविद्यालये व खासगी वर्ग येथे स्पॅनिशचे शिक्षण उपलब्ध आहे. महाराष्ट्रात पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाच्या विदेशी भाषा विभागात ही भाषा शिकवली जाते.

सहा पायऱ्यांची शिडी

युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सामाईक चौकटीनुसार भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या मानल्या जातात. ए१ व ए२ या प्राथमिक, बी१ व बी२ या स्वतंत्र वापराच्या, तर सी१ व सी२ या प्रभुत्वाच्या पायऱ्या होत. स्पॅनिशसाठी ‘डेले’ ही परीक्षा स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने इन्स्टिट्यूटो सर्व्हांतेस ही संस्था घेते. या संस्थेचे केंद्र नवी दिल्लीत आहे. वाचन, लेखन, श्रवण आणि संभाषण अशी चारही कौशल्ये परीक्षेत तपासली जातात. निकाल ‘आप्तो’ म्हणजे पात्र किंवा ‘नो आप्तो’ म्हणजे अपात्र असा लागतो. एकदा मिळालेल्या प्रमाणपत्राला मुदत नसते.

ऐच्छिक विषय म्हणून एक-दोन सत्रे स्पॅनिश शिकलेला विद्यार्थी सामान्यतः पहिल्या एक-दोन पायऱ्यांच्या आसपास असतो. स्वतःची ओळख करून देणे, पत्ता विचारणे, बाजारात खरेदी करणे इतके त्याला जमते. ग्राहकाचा राग ओळखून त्याला दूरध्वनीवर उत्तर देणे किंवा कराराच्या मसुद्यातील अटींचा अर्थ लावणे यासाठी मात्र बी२ पर्यंत पोहोचावे लागते. सोप्या वाक्यांचे शब्दशः भाषांतर आता मोबाइलही करून देतो. त्यामुळे पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबलेल्या विद्यार्थ्याच्या हाती प्रमाणपत्र राहते, पण काम राहीलच असे नाही.

मातृभाषेतून जाणारी जवळची वाट

ए२ नंतरची चढण कठीण वाटते, कारण तेथे शब्दसंग्रहापेक्षा वाक्यरचना महत्त्वाची ठरते. नेमक्या याच टप्प्यावर मराठी उपयोगी पडते.

इंग्रजीतून शिकणाऱ्याला स्पॅनिशचे दोन भूतकाळ गोंधळात टाकतात. ‘फुई’ म्हणजे ‘गेलो’ आणि ‘इबा’ म्हणजे ‘जात असे’. मराठीतील साधा भूतकाळ आणि रीती भूतकाळ यांतील भेद ज्याला ठाऊक आहे, त्याला या विषयाचा मोठा भाग आधीच अवगत असतो. स्पॅनिशमध्ये माणूस हा कर्म असेल, तर त्यापूर्वी ‘आ’ हे अव्यय लावतात, निर्जीव वस्तूला सहसा लावत नाहीत. मराठीतही ‘मी घर पाहिले’, पण ‘मी मुलाला पाहिले’ असेच म्हटले जाते. ‘किएरो के बेंगा’ या वाक्यातील क्रियापदाचे रूप इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्यांना छळते. ‘त्याने यावे अशी माझी इच्छा आहे’ यातील ‘यावे’ डोळ्यांसमोर आणले, की त्याचे प्रयोजन कळते. ‘तू’ आणि आदरार्थी ‘उस्तेद’ यांतील अंतर तर मराठी घरात लहानपणीच शिकवले जाते. ‘त’ आणि ‘द’ हे स्पॅनिश वर्णही मराठीप्रमाणे दंत्य आहेत.

अर्थात हा आधार सर्वत्र पुरत नाही. मराठीत तीन लिंगे आहेत, स्पॅनिश नामांना दोनच. ‘मी पोळी खाल्ली’ यात मराठी क्रियापद पोळीनुसार बदलते, स्पॅनिशमध्ये ते खाणाऱ्यानुसार चालते. ‘असणे’ या एका क्रियापदासाठी स्पॅनिशमध्ये ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे आहेत. ‘आबुर्रिदो’ हेच विशेषण ‘सेर’बरोबर आले तर माणूस कंटाळवाणा ठरतो, ‘एस्तार’बरोबर आले तर तो कंटाळलेला असतो. ग्राहकाशी बोलताना ही चूक महागात पडू शकते. कोठे मराठीवर विसंबायचे आणि कोठे तिला बाजूला ठेवायचे, हे ओळखता येणे हीच या टप्प्यावरील प्रगती होय.

शब्द आणि ताट

शब्दांच्या बाबतीतही विद्यार्थी अगदी रिकाम्या हाताने येत नाही. गोव्याच्या मार्गाने पोर्तुगीजमधून मराठीत आलेले पाव, चावी, साबण, पगार हे शब्द स्पॅनिशच्या सख्ख्या बहिणीकडून आलेले आहेत. स्पॅनिशमध्ये पावाला ‘पान’, साबणाला ‘खाबोन’ म्हणतात, तर ‘पागार’ म्हणजे पैसे देणे. ‘बटाटा’ हा मूळचा कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेतील रताळ्याचा शब्द. स्पेनमध्ये बटाट्याला ‘पाताता’ म्हणतात, तर लॅटिन अमेरिकेत केचुआ भाषेतून आलेला ‘पापा’ हा शब्द चालतो.

उपवासाच्या साबुदाणा खिचडीतील बटाटा, मिरची व शेंगदाणा ही सर्व पिके मूळची अमेरिका खंडातील. भारतात साबुदाणा ज्या कंदापासून तयार करतात, तो कसावाही तेथलाच. स्पॅनिश व पोर्तुगीज जहाजांनी ही पिके जगभर नेली. हा इतिहास समजला, की दूरच्या वाटणाऱ्या भाषेचा घरातील ताटाशी असलेला संबंध विद्यार्थ्याला दिसू लागतो.

संस्कृती म्हणजे केवळ सण नव्हेत

स्पॅनिश संस्कृतीची ओळख अनेक ठिकाणी फ्लामेंको नृत्य आणि फुटबॉल यांवरच थांबते. कामाच्या ठिकाणी लागणारी संस्कृती अधिक साधी आणि बारकाव्यांची असते. स्पॅनिश भाषक व्यक्तीला सामान्यतः दोन आडनावे असतात, पहिले वडिलांकडचे व दुसरे आईकडचे. कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांचे नाव म्हणून ‘गार्सिया’खाली नोंदवावे लागते, ‘मार्केस’खाली नव्हे. स्पेनच्या देयकात १.५०० हा आकडा दीड हजारांचा असू शकतो, तर मेक्सिकोत टिंबानंतर अपूर्णांक लिहितात. मेक्सिकोतील ‘आओरिता’ या शब्दाचा अर्थ ‘आत्ता’ असला, तरी तो मराठीतील ‘आत्ता येतो’इतकाच लवचीक असतो. मेक्सिको सिटीचे घड्याळ भारताच्या साडेअकरा तास मागे असल्याने तेथील ग्राहकांचे काम बंगळुरूत रात्रपाळीचे ठरते. या बाबी माहीत असणारा कर्मचारी चुका टाळतो आणि समोरच्याचा विश्वासही मिळवतो.

मनमाड ते अनंतपूर

भाषा एखाद्याचे आयुष्य किती बदलू शकते, याचे उदाहरण बंगळुरूपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर आंध्र प्रदेशातील अनंतपूर येथे आढळते. त्याची सुरुवात महाराष्ट्रात झाली. स्पेनचे व्हिसेंते फेरेर हे १९५२ मध्ये जेझुइट म्हणून मुंबईत आले आणि नाशिक जिल्ह्यातील मनमाड परिसरात शेतकऱ्यांसाठी विहिरींचे काम त्यांनी उभे केले. १९६८ मध्ये त्यांना देश सोडण्याचा आदेश मिळाला, तेव्हा त्यांच्या बाजूने शेतकरी रस्त्यावर उतरले. परतल्यानंतर १९६९ मध्ये ते दुष्काळी अनंतपुरात स्थायिक झाले आणि २००९ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

त्यांनी व ॲना फेरेर यांनी उभ्या केलेल्या रूरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ग्रामीण पदवीधरांसाठी परदेशी भाषांची शाळा चालवली. तेथे इंग्रजीबरोबर स्पॅनिश, फ्रेंच व जर्मन शिकवण्यात आले. शेतकरी व मजूर कुटुंबांतील मुलामुलींना मोठ्या शहरांतील कंपन्यांत काम मिळावे, हा त्यामागील हेतू. ज्या घरांत इंग्रजीही परकी होती, त्या घरांतील मुलांसाठी चौथी-पाचवी भाषा ही चैन नव्हती, तर उपजीविकेचा मार्ग होता.

शंभर वर्षांपूर्वीचा विद्यार्थी

मराठी माणसाने स्पॅनिश आत्मसात करण्याची परंपराही नवी नाही. वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीतील कार्यानंतर १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोहोचले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले. मक्यावर त्यांनी संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा उभारल्या. चित्रकार डिएगो रिव्हेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले. १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले. मेक्सिकोच्या शेतकऱ्याला त्याच्याच भाषेत शेती समजावून सांगणे, ही त्यांची परीक्षा होती.

आजच्या विद्यार्थ्यापुढील परीक्षा निराळी असली, तरी तिचा गाभा फारसा बदललेला नाही. रोज थोडा वेळ स्पॅनिश बातम्या ऐकणे, मोठ्याने वाचणे, प्रत्येक नवी रचना मराठीशी ताडून पाहणे आणि जेथे ती जुळत नाही तेथे वेगळी नोंद करणे, एवढी शिस्त त्यासाठी लागते. व्याकरणाच्या वहीत इंग्रजी अर्थाशेजारी मराठी अर्थासाठी एक रकाना आखणे, ही त्याची सुरुवात ठरू शकते.