आपण विमानं बनवतो, मग राफेल विकत का घेतली?



नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्याविषयी वर्गात सांगत होते. चौथीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, आपल्याकडेच लढाऊ विमानं बनतात, तर फ्रान्सकडून कशाला घ्यायची?" मी तेव्हा अर्धवटच उत्तर दिलं, म्हणून हा लेख.

आधी वजाबाकी. हवाई दलाला मंजूर स्क्वाड्रन ४२. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाली, तेव्हा उरल्या २९. एका स्क्वाड्रनमध्ये साधारण १६ ते १८ विमानं असतात. म्हणजे दोनशेहून जास्त विमानं कमी! हा हिशोब मुलांकडूनच करून घ्या.

मिगची जागा आपलं तेजस घेणार होतं. त्याचा प्रकल्प १९८३ चा, पहिलं उड्डाण २००१ मध्ये, पहिली स्क्वाड्रन २०१६ मध्ये. तोवर जुनी विमानं थोडीच थांबतात? १९६३ पासून आपल्याकडे असलेली मिग-२१ उडवतच राहावी लागली. जुलै २०२२ मध्ये बाडमेरजवळ त्यातलं एक कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. उशीर झाला की तो असा कुणाच्या तरी वाट्याला येतो.

राफेलचंही मूळ ठरलं होतं वेगळंच. १२६ विमानं घ्यायची, त्यातली १८ तयार आणि १०८ इथे बनवायची. वाटाघाटी अडकल्या. शेवटी २०१६ मध्ये ३६ तयार विमानांचा करार झाला. ३६ म्हणजे फक्त दोन स्क्वाड्रन! खड्डा तेवढ्याने बुजत नाही, पण वेळ मिळतो.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इंजिन. तेजस आपलं, पण त्याचं इंजिन अमेरिकेचं. आपण 'कावेरी' इंजिन बनवायला घेतलं होतं, त्याला तेजससाठी पुरेसा जोर मिळाला नाही. २०२१ मध्ये ८३ सुधारित तेजसची मागणी नोंदवली, विमानं २०२४ पासून यायची होती. पण त्यांचं पहिलं इंजिनच मार्च २०२५ मध्ये आलं. म्हणजे बाहेरून तयार विमान घ्या नाहीतर इथे बनवा, वाट दोन्हीकडे परदेशाचीच.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकला बनलेलं पहिलं तेजस आकाशात झेपावलं. मुलांना त्याचा व्हिडिओ जरूर दाखवा, आणि इंजिन कुठलं तेही विचारा.