रिकाम्या क्षमतेचा खर्च कोणाचा?

एखाद्या कारखान्यातून ठरावीक काळात जास्तीत जास्त किती माल बाहेर पडू शकतो ती मर्यादा म्हणजे उत्पादनक्षमता, आणि पुढे येणाऱ्या कामाचा अदमास घेऊन ती कधी व किती वाढवायची हे आधीच ठरवणे म्हणजे क्षमतानियोजन. क्षमता मागणीच्या आधी वाढवायची की नंतर, हा या शास्त्रातील सर्वांत अवघड प्रश्न पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूट या लसउत्पादक कंपनीसमोर करोनाकाळात उभा राहिला.

मागणी आल्यावर क्षमता वाढवणे हा सावध मार्ग असतो, तर मागणीच्या आधीच ती उभारून ठेवणे हा जोखमीचा. परंतु यंत्रे बसवणे, त्यांच्या चाचण्या घेणे आणि नियामकाची संमती मिळवणे यांत महिने जात असल्यामुळे लसनिर्मितीत तहान लागल्यावर विहीर खणण्याची सोय नसते. म्हणूनच १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेने परवानगीची वाट न पाहता कोविशिल्ड या करोना लशीचे उत्पादन सुरू केले. ३ जानेवारी २०२१ रोजी लशीला आपत्कालीन मंजुरी जाहीर झाली तेव्हा, कंपनीच्या म्हणण्यानुसार, चार ते पाच कोटी मात्रा तयार होत्या. सरकारची पहिली मागणी मात्र १ कोटी १० लाख मात्रांची आली आणि १२ जानेवारीच्या पहाटे कंपनीच्या मांजरी येथील कारखान्यातून तीन ट्रक विमानतळाकडे निघाले.

पुढे चित्र उलटले. एप्रिल २०२१ मध्ये दरमहा सहा ते सात कोटी मात्रांची क्षमताही तोकडी वाटू लागली. एका बाटलीत दहा मात्रा धरल्या तर सहा कोटींसाठी रोज दोन लाख बाटल्या भरणे, बुचे लावणे, एकेक बाटली तपासणे आणि २ ते ८ अंश तापमानात ठेवणे आले. यांतील सर्वांत संथ टप्पा जेवढा वेग देईल तेवढाच वेग साऱ्या कारखान्याला मिळतो, आणि बाकीचे टप्पे कितीही वाढवले तरी त्या संथ टप्प्यापाशी माल फक्त तुंबतो. कच्चा माल हाही असाच एक टप्पा असल्याने त्यावरील निर्यातबंधने उठवावीत, अशी जाहीर विनंती सीरमचे प्रमुख आदर पूनावाला यांना त्याच महिन्यात अमेरिकेच्या अध्यक्षांना करावी लागली.

१ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांना लस खुली होण्याच्या बेतात असताना, २८ एप्रिलला केंद्र सरकारने सीरमला पुढील तीन महिन्यांच्या ११ कोटी मात्रांसाठी १,७३२ कोटी ५० लाख रुपयांची आगाऊ रक्कम दिली. हे योग्यच झाले, पण उशिरा झाले. कारण आगाऊ मागणी म्हणजे उत्पादकाच्या जोखमीतील खरेदीदाराचा वाटा असतो आणि तो क्षमता उभारली जात असतानाच उचलायचा असतो. (अग्निशमन दलाचा बंब दिवसभर उभा राहिला म्हणून कोणी त्याला उधळपट्टी म्हणत नाही.)

काही महिन्यांत चित्र पुन्हा उलटले. डिसेंबर २०२१ मध्ये, नव्या मागणीअभावी, कोविशिल्डचे उत्पादन थांबवण्यात आले आणि साठ्यातील सुमारे दहा कोटी मात्रा मुदत संपल्यामुळे टाकून द्याव्या लागल्याचे पूनावाला यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितले.