प्रबंधलेखक विद्यार्थी आणि कागदाची मिती

पदव्युत्तर प्रबंधासाठीं मराठी कागद वाचूं लागलेले विद्यार्थी आमच्याकडे वारंवार येतात. मोडी त्यांस लौकर साधते. घोडें अडतें तें मितीपाशीं. मध्यंतरीं असाच एक प्रबंध अभिप्रायार्थ आमच्या हातीं आला. एका सरदाराच्या कर्जाच्या पत्रावर त्यांतील एक संबंध प्रकरण उभारलेलें होतें. पत्रांत ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असा सन व जमादिलाखर महिन्याचा चंद्र होता. लेखकानें शब्दांवरून ११६१ ही संख्या बिनचूक काढली, परंतु ती हिजरी समजून पत्र इ. स. १७४८ मध्यें नेऊन घातलें. शाहूमहाराज हयात असतांनाच हें घराणें कर्जांत बुडालें होतें, असा निष्कर्ष त्यावरून निघाला व त्या सरदाराच्या उधळेपणावर चार पानें खर्चीं पडलीं.

वस्तुतः तो सन सुहूर होय. हा सन अरबी अंकशब्दांनीं लिहितात, पण त्याचें वर्ष सौर असून तें सूर्य मृगास लागतांना पालटतें. महिने व चंद्र मात्र हिजरीचे. एकाच ओळींत दोन कालगणना नांदतात, हेंच नवशिक्यास उमगत नाहीं. सुहूर सनांत मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावे, म्हणजे इसवी सन येतो. ११६१ मधील जमादिलाखर म्हणजे हिजरी ११७४ चा, इ. स. १७६१ च्या जानेवारी-फेब्रुवारींतील. पानिपतचा संग्राम (पौष शुद्ध ८ शके १६८२, १४ जानेवारी १७६१) याच महिन्यांतला! शाहूमहाराजांस जाऊन तेव्हां अकरा वर्षें लोटलीं होतीं. उधळेपणाचीं तीं चार पानें अर्थातच गळालीं, व लेखकानें तें प्रकरण मोकळ्या मनानें नव्यानें लिहिलें.

बहुतेक खासगी पत्रांत सन नसतोच; नुसता चंद्र व महिना. तेथें मजकुरांतील पाऊस, पेरणी, छावणी यांवरून ऋतु ठरवावा. हिजरी महिना त्याच ऋतूंत सुमारें ३२ वर्षांनीं परत येतो, म्हणून लिहिणाराची कारकीर्द ठाऊक असल्यास दोन-तीन लगतचीं वर्षेंच विचारार्थ उरतात. मग पत्राची पाठ पाहावी. पत्र पोंचल्याची पैवस्ती तेथें असल्यास ती वेगळी टिपावी. पुष्कळांनीं पैवस्तीसच लेखनाची मिती मानून उत्तर आधीं व प्रश्न मागाहून असा चमत्कार घडविला आहे.

परकीय कागदांचीहि तीच गत. राज्याभिषेकाचा दिवस, ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६, इंग्रजांच्या गणनेनें ६ जून १६७४, तर गोव्याच्या पोर्तुगीजांच्या गणनेनें १६ जून. इंग्रजांनीं नवी गणना १७५२ त स्वीकारली. तोंपर्यंत त्यांचें वर्षहि २५ मार्चला पालटे, आणि त्यांच्या फेब्रुवारीच्या पत्रावर मागील वर्षाचा आंकडा असे. सुरतेचीं व गोव्याचीं पत्रें शेजारीं ठेवून ‘बातमी आधीं कोणास लागली’ हें ठरवूं पाहणारानें प्रथम हे दहा दिवस वळते करावे. मोडकांची जंत्री किंवा स्वामिकन्नू पिल्ले यांचे १९२२ चे ग्रंथ जवळ असावे. तरी वार जुळतो कीं नाहीं, हें स्वतः ताडून पाहिल्याविना कोणतीहि तारीख टीपेंत घालूं नये. प्रबंधांत मूळ मिती जशीच्या तशी द्यावी व रूपांतर कंसांत. आपण चुकलों तरी पुढच्यास सुधारतां येतें.

संग्राहक मित्रांसहि एक विनंती आहे. जीर्ण कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटविण्याची चाल अद्याप कांहीं घरीं दिसते. त्यायोगें पाठीवरची पैवस्ती कायमची झांकली जाते. परवां पाहिलेल्या एका दप्तरांत अशीं सत्तावीस पत्रें होतीं. त्यांपैकीं एकावरहि सन नव्हता.