बदल केलेली मोटार विकतांना

सोलापूर–धुळे राजमार्गावरील तेरखेडा हें गांव फटाक्यांसाठीं प्रसिद्ध आहे. माल कितीही उत्तम असला, तरी परवान्याचा कागद नसेल तर तो उजळ माथ्यानें विकतां येत नाहीं, हें तेथें कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. हाच न्याय अगदीं वेगळ्या मालालाही लागू पडतो: हौसेनें परदेशांतून आणविलेली, जिवापाड सांभाळलेली, परंतु मालकानें आपल्या मनाप्रमाणें फेरफार केलेली शर्यती धाटणीची जपानी मोटार. अशी गाडी घेतांना पैसा लागतो. विकतांना कागद लागतात.

जपानांत वाहनें आपल्याप्रमाणेंच रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात. त्यामुळें तेथील गाडीचें स्टिअरिंग उजवीकडे असतें आणि ती येथें चालविण्यास अडचण पडत नाहीं. ह्या जातींतील विशेष नांवाजलेली गाडी म्हणजे निस्सान कंपनीची जी. टी.-आर. २०१६ च्या डिसेंबरांत ती भारतांत विक्रीस आली, तेव्हां तिची किंमत १ कोटी ९९ लक्ष रुपये होती. तिचें ३.८ लिटरचें, सहा सिलिंडरांचें इंजिन आरंभापासून अखेरपर्यंत एकच कारागीर हातानें जुळवीत असे. २०२५ च्या ऑगस्टांत ह्या पिढीच्या गाडीचें उत्पादन थांबलें. आतां नवी मिळणार नाहीं, म्हणून जुनीला मान अधिक; आणि तिच्या इंजिनाला दुसऱ्या कोणाचा हात लागला असेल, तर संशयही अधिक.

मोठा टर्बो बसविणें, इंजिनाचें नियंत्रण करणाऱ्या संगणकाची आज्ञावली बदलणें, धुराची नळी मोकळी करणें, स्प्रिंगा आंखूड करणें, हे नेहमींचे फेरफार होत. मालकाला वाटतें, खर्च केला तेवढी किंमत वाढली. खरेदीदार उलट हिशेब करतो. शक्ति वाढली म्हणजे गिअरपेटीवर ताण वाढला, आणि काम कोणी केलें हेंही त्याला ठाऊक नसतें. लग्नांत उडविलेल्या आतषबाजीचे पैसे कोणी परत मागत नाहीं. हौसेच्या भागांचेंही तसेंच आहे. काढून ठेवलेले मूळ भाग, तेल बदलल्याच्या तारखा आणि दुरुस्तीच्या पावत्या मात्र विक्रीच्या वेळीं फार उपयोगीं पडतात.

कायद्याची बाजू याहून कडक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं जुळणार नाहीं असा बदल मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें ९ जानेवारी २०१९ च्या निकालांत हेंच स्पष्ट केलें. बेकायदा फेरफाराबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. सबब विकण्यापूर्वीं मूळ भाग पुन्हां बसविणें हेंच शहाणपणाचें. सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक नोंदणीपत्राशीं ताडून पाहावा. येथें एक आंकडा जरी चुकला, तरी व्यवहार तेथेंच थांबवावा.

सर्वांत मोठा धोका मात्र गाडी विकल्यानंतर सुरू होतो. पैसे मिळाले, किल्ली दिली, आतां आपला संबंध संपला, असें पुष्कळांना वाटतें. कायदा तसें मानीत नाहीं. ज्याच्या नांवें नोंद, तो मालक. २००७ सालीं विकलेली एक मोटार हातोहातीं पुढें गेली, पण कागदोपत्रीं पहिल्याच मालकाचें नांव राहिलें. २००९ च्या मे महिन्यांत तिच्या अपघातांत एक मूल दगावलें. ६ फेब्रुवारी २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें नुकसानभरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवली. ज्यानें दोन वर्षांपूर्वीं गाडी सोडली होती, त्याच्या दारीं हें देणें आलें! शर्यती धाटणीची वेगवान गाडी अनोळखी तरुणाच्या हातीं देणारानें ही गोष्ट दुप्पट ध्यानांत ठेवावी.

उपाय फारसा कठीण नाहीं. २९ व ३० क्रमांकाचे नमुने भरून नोंदणी-कार्यालयास कळवावें. गाडी महाराष्ट्रांतच राहणार असेल, तर विक्रेत्यास चौदा दिवसांची मुदत असते. ती परराज्यांत जाणार असेल, तर २८ क्रमांकाच्या नमुन्यावर ना-हरकत प्रमाणपत्र लागतें. गाडीवर कर्ज असेल, तर तें फिटल्याची नोंद आधीं करून घ्यावी. विम्यांतील तिऱ्हाइताच्या नुकसानीचें संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातें. खुद्द गाडीच्या नुकसानीचें संरक्षण मिळण्यासाठीं त्यानें विमा-कंपनीकडे नांव बदलून घ्यावें.

किल्ली देतेवेळीं दोन प्रतींत पावती करावी. तींत दिवस, तास, मीटरवरील किलोमीटरांचा आंकडा, उघडपणें सांगितलेले फेरफार आणि सोबत दिलेल्या सुट्या भागांची यादी लिहून दोघांनीं सह्या कराव्या. ह्या पावतीनें मालकी बदलत नाहीं. परंतु नोंद होईपर्यंतच्या दिवसांत गाडी कोणाच्या ताब्यांत होती, एवढें तरी तिजवरून दाखवितां येतें.